आमच्या घरची फट

तुमच्या बाबांनी तिकडच्या दंतवैद्याच्या फॉर्मवर एका रकान्यात 'नाही' असं लिहिलं. घरात कुणाचे दात तरुणपणी पडले होते का, असा तो रकाना होता. बाबांनी त्यांना माहीत होतं ते लिहिलं. ते चुकीचं होतं आणि ती चूक माझी आहे. ती कशी झाली हे तुम्हा दोघा नातवंडांना क्रमानं सांगायचं म्हणून हे लिहायला बसले आहे. मराठी वाचताना कुठे अडलं तर बाबांना विचारा, पण त्यांच्याकडून नुसता सारांश ऐकू नका.

मागच्या दिवाळीपासून सुरुवात करते. मी इथे पाटोद्याच्या घरात सकाळचा चहा घेत होते आणि तुमच्याकडे संध्याकाळ होती. फोनच्या पडद्यावर तू आलीस, चौदा वर्षांची, नवा ड्रेस घातलेली, आणि हसलीस. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसली. उन्हाळ्यात तुम्ही आला होतात तेव्हा ती नव्हती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अगं, फट पडली की! भाग्याची आहेस." तू आणखी हसलीस. बाबा मागून म्हणाले की तार लावून घेऊ, आता इथे सगळ्याच मुली लावतात. मग तुझा भाऊ पडद्यात घुसला आणि त्यानं स्वतःचा पडलेला दुधाचा दात दाखवला. बोलणं संपलं.

फोन ठेवला आणि चहाचा कप तोंडाला लावला, तर तो वरच्या कवळीवर आपटून वाजला. रोजच वाजतो. त्या दिवशी मी कप खाली ठेवला.

तुझी फट मी आधी पाहिलेली होती. माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. ती तेरा वर्षांची असताना तिच्या दातांत अशीच फट पडली, त्याच जागी, अगदी तेवढीच. हसताना तिचा डावा गाल आधी वर जायचा. तुझाही तसाच जातो.

माझं माहेर चकलांब्याचं. घरी शेती, आणि घरावर हुकूम वडिलांच्या आईचा. या आजीच्या तोंडात एकही दात नव्हता. आम्हा पोरांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. म्हातारीला दात नसायचेच. ती मात्र सांगायची की लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पुढच्या दातांत फट होती, आणि ती आल्यावर घरात दोन बैलांचे चार बैल झाले. फटीच्या दातांची पोर भाग्याची असं गावात सगळेच म्हणत. आमच्या घरात त्यावर एक रीतच बसलेली होती. पेरणीच्या पहिल्या दिवशी तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, पहिली मूठ फटीच्या दातांच्या पोरीनं धरायची. आजीनंतर ती मूठ आत्यानं धरली. आत्या सासरी गेल्यावर बरीच वर्षं कुणी नव्हतं.

म्हणून बहिणीची फट दिसली तेव्हा आजीनं तिच्या तोंडात साखर घातली. "आमच्या घरची फट हाय ही," ती येईल त्या बाईला सांगायची. त्या वर्षी बहिणीनं मूठ धरली. ज्वारी चांगली आली. पुढच्या वर्षी फट रुंद झाली होती, त्यात ज्वारीचा दाणा बसेल इतकी. आजीनं खरंच एक दाणा बसवून पाहिला आणि टाळी वाजवली. सगळे हसले. मीही हसले. बहीण दाणा दातात धरून अंगणभर नाचली.

दात एकमेकांपासून दूर का चाललेत, असं कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा बीडला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. वडिलांच्या हट्टानं मला पाठवलेलं होतं. सुट्टीत घरी आले की बहिणीचं मागच्या सुट्टीपासून आतापर्यंतचं सगळं एकदम दिसायचं, जे रोज पाहणाऱ्यांना दिसत नव्हतं. तिच्या हिरड्यांना सूज नव्हती, तोंडाला वास नव्हता, दात पांढरे स्वच्छ होते. पण ऊस सोलताना ती आता दाढेकडून सोलायची, आणि एकदा दाढही हलते असं मला एकटीला म्हणाली. मी तिला सांगितलं नाही की माझीही एक दाढ हलते. वसतिगृहातल्या डाळीत खडे असतात, त्यानं झालं असेल, असं मी धरून चालले होते.

बहिणीचं आईला सांगितलं तेव्हा आईनं उपाय काढला तो मिश्रीचा. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा, आणि सकाळी बोटानं हिरड्यांवर घासायचा. हिरड्या आवळून येतात, हलणारा दात बसतो, अशी सगळ्या बायकांची खात्री. आमच्या गल्लीत सकाळी मिश्री न लावणारी बाई क्वचितच असेल. आईला शेतावर जायची घाई असायची, म्हणून सुट्टीत ते काम माझ्याकडे आलं. तंबाखू मी भाजला. बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन, उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं, वरच्या हिरडीवर डावीकडून उजवीकडे, मग खालच्या. पहिल्या दिवशी तिला चक्कर आली आणि ती ओकली. मी म्हणाले, "सवय व्हईल." ती सवय तिला लागली आणि शेवटपर्यंत सुटली नाही.

मला मात्र कुणी मिश्री लावली नाही. वसतिगृहात तंबाखू चालत नसे. रेक्टरबाई डबी सापडली तर घरी पत्र पाठवत. मी पेस्टनं दात घासत राहिले.

फट पडल्यापासून दोन वर्षांनी बहिणीचे पुढचे चार दात इतके हलायला लागले की भाकरीचा तुकडा मोडून भिजवावा लागे. तिला पाहायला युसूफ वडगाव या गावची मंडळी येणार होती. आई तिला बाजारच्या दिवशी दातवाल्या चाचांकडे घेऊन गेली. त्यांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला एक पेटी, आरसा आणि चिमट्यांचा पुडा. त्यांचे वडील हेच काम करायचे. मी बरोबर होते. चाचांनी बहिणीचे दात एकेक करून बोटानं हलवले, बारीक तार घेतली आणि चारही दात मागून एकत्र बांधले. काम इतकं सफाईचं की समोरून काही दिसेना. मग हात पुसत ते आईला हळू आवाजात म्हणाले, "भाभी, येक बोलू का? ह्या घरचे दात लई साफ हायेत. कीड न्हाई, डाग न्हाई, तरी हलायलेत. तुमच्या सासूबाईचे सगळे दात माझ्या अब्बांनी काढलेत. तवा त्या तिशीच्या आत होत्या. तुमच्या नणंदेचे मी काढलेत. हे खानदानी हाय."

आईनं पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "कुटं बोलू नका."

चाचा कुठे बोलले नाहीत. आईही नाही. मी सोळा-सतरा वर्षांची होते, शाळेत पहिली येत होते, आणि मी ते वाक्य शब्द न् शब्द ऐकलं होतं. मीही बोलले नाही. जाताना आईनं बहिणीला एवढंच शिकवलं, "व्हट मिटून हासायचं. सासरीबी."

लग्न झालं. वर्षभरात तार सुटली. सव्विसाव्या वर्षी बहिणीच्या तोंडात दात उरला नाही. सासरच्यांनी तिला परत पाठवलं नाही, छळलंही नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही तशी कल्पना कराल. फक्त तिथली मुलं तिला म्हातारी म्हणून हाक मारू लागली, आणि ती ओ देऊ लागली. मी भेटायला गेले की ती तोंडासमोर हात धरून बोलायची. माझ्याशीसुद्धा. मी तिला कवळी करून देते म्हटलं तर म्हणाली, "आता कुणाला दाखवायचेत?" आणि कमरेची मिश्रीची डबी काढली.

आता माझं सांगते. बावीस वर्षांची होईपर्यंत माझ्या वरच्या दोन पुढच्या दातांचं आणि दोन दाढांचं काम संपलं होतं. तेवढ्यावर ते थांबलं. का थांबलं हे मला कळलं नाही. माझं लग्न ठरण्याआधी आईनं जे जुळवलं ते असं: मी विहिरीच्या पायरीवरून पडले आणि दात तुटले. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की मला ती पायरी डोळ्यांसमोर दिसते, शेवाळ धरलेली, वरून तिसरी. तुमच्या आजोबांना लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी खरं सांगितलं. ते म्हणाले, "वाटलंच होतं. पडलेल्या माणसाच्या ओठावर खूण राहते." पुढे काही विचारलं नाही. तुमचे बाबा मात्र ती पायरी ऐकतच मोठे झाले. विहिरीजवळ खेळू नको, आई पडली होती, असं मीच त्यांना सांगत असे. बाकीचे दात पुढे म्हातारपणानं गेले, म्हणून आता पूर्ण कवळी आहे.

तर दिवाळीत तुझी फट पाहिली, भाग्याची म्हणाले, आणि गप्प बसले. चार महिने गप्प बसले. रोज सकाळी कवळी धुताना ठरवायचे की आज फोनवर सांगते. मग तू पडद्यावर यायचीस, डावा गाल वर जायचा, आणि मी अभ्यास कसा चाललाय ते विचारायचे. शेजारच्या घरात अजून मिश्री भाजतात. तो वास खिडकीतून आला की मी उठून हात साबणानं धुते. धुतल्यावर लक्षात येतं की हाताला काही लागलेलंच नव्हतं.

उन्हाळा लागताना इथे शाळेत दातांचं शिबिर झालं. कवळी सैल झाली होती म्हणून मी गेले. तपासणारी मुलगी हिरड्यांची डॉक्टर होती, तिशीतली असेल. तिनं माझा जबडा पाहिला आणि विचारलं, "आजी, पहिले दात कितव्या वर्षी गेले?" मी पायरीचं सांगायला तोंड उघडलं. का कोण जाणे, बाविसाव्या म्हणाले. मग तिनं बहिणीचं विचारलं, वडिलांचं, आजीचं. विचारता विचारता ती कागदावर चौकोन आणि गोल काढत होती. पुरुषाचा चौकोन, बाईचा गोल, ज्यांचे दात तरुणपणी गेले ते काळे. आजी काळी, आत्या काळी, बहीण काळी, मी काळी. वडिलांचा चौकोन कोरा, पण रेघ त्यांच्यातूनच आमच्याकडे आली होती. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, नीट काढलेला तक्ता पाहून मला बरं वाटतं. तो मात्र मी बोट ठेवून वरपासून खाली दोनदा वाचला.

मी तिला विचारलं की एका घरात, एका ताटात जेवून, बहिणीचे सगळे गेले आणि माझे चारच का? तिनं सावकाश समजावलं. या आजाराचे जंतू पुष्कळांच्या तोंडात असतात आणि बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. काही घराण्यांत मात्र मूल वयात येताना दाढांजवळचं आणि पुढच्या दातांजवळचं हाड आतून झिजू लागतं. वरून दात स्वच्छ दिसतात, म्हणून कुणाला कळत नाही. हाड गेलं की दात सरकतात आणि फट पडते. शरीर त्या जंतूंविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार करतं. ज्यांच्यात ती भरपूर होतात, त्यांचा आजार बहुधा थोड्या दातांवर अडतो. ज्यांच्यात कमी, त्यांचा तोंडभर पसरतो. आणि कुणाच्या रक्तात किती होणार, हे काही अंशी आईवडिलांकडून ठरून आलेलं असतं.

"म्हणजे माझ्या रक्तानं मला वाचवलं आणि तिच्या रक्तानं तिला नाही," मी म्हणाले.

"असं असू शकेल," ती म्हणाली. मग तिनं विचारलं की दोघींपैकी कुणी तंबाखू लावायची का.

मी सांगितलं. सिगारेट ओढणाऱ्यांत ही प्रतिपिंडं कमी आढळली आहेत, असं ती म्हणाली. मिश्रीचं खात्रीनं सांगता येणार नाही. हिरड्यांना ती वाईट, एवढं नक्की. "तुमच्या बहिणीचं रक्त तेव्हा तपासलेलं नाही, आता ते कुणालाच सांगता येणार नाही, आजी." बहीण जाऊन सहा वर्षं झाली. रक्त की माझं बोट, या प्रश्नाचं उत्तर तिच्याबरोबर गेलं. डॉक्टरीण बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो नको होता.

मग तिनं कागदावर माझ्याखाली रेघ ओढली आणि मुलं, नातवंडं विचारली. मी तुझी फट सांगितली. तिनं पेन्सिल खाली ठेवली. "तार लावली का?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात लावणार आहेत. ती म्हणाली, "आजच फोन करा. आतलं हाड झिजत असताना तारेनं दात ओढले तर ते लवकर जातील. आधी दाढांचे एक्सरे काढायला सांगा. या वयात धरलं तर दात वाचतात."

मी घरी येईपर्यंत थांबले नाही. शाळेच्या पटांगणातल्या कडुलिंबाखाली उभी राहून बाबांना फोन लावला. तिकडे पहाट होती. ते घाबरून उठले. मी सगळं क्रमानं सांगितलं: माझी आजी, माझी आत्या, त्यांची मावशी, मी. बाबा म्हणाले, "आई, तू तर विहिरीवर पडली होतीस ना?"

"नाही रे. मी कधीच पडले नव्हते."

"मी फॉर्मवर नाही लिहून आलोय."

"दुसरं काय लिहिणार होतास? तू खोडून लिही."

पुढचं तुला माहीत आहे, पण भावाला नीट माहीत नाही म्हणून लिहिते. तार थांबवली. एक्सरे काढले. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढांजवळ आणि वरच्या पुढच्या दातांमागे हाड उतरलेलं निघालं. डाव्या बाजूला जास्त. हिरड्यांच्या आतून सफाई केली, औषधं दिली, आणि दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. तिकडचे डॉक्टर म्हणाले की वर्षभर उशीर झाला असता तर डावी दाढ गेली असती. वर्षभर हा शब्द मी बाबांना पुन्हा विचारून घेतला. त्यातले चार महिने माझे होते.

तुझ्या भावाला अजून काही नाही. त्याच्याही दाढांचे एक्सरे वेळोवेळी काढायचे आहेत. त्यानं कंटाळा केला तर ही पानं वाचून दाखव.

सफाईनंतर तू फोन केलास तेव्हा ओठ मिटून बसली होतीस. दुखत असेल असं मला वाटलं. पण तू म्हणालीस की फट कशीतरी दिसते, आता हसायला नको वाटतं. मी काय केलं ते तुला आठवतं. मी कवळी काढून हातात धरली आणि पोकळ तोंडानं तुझ्याकडे पाहिलं. तुमच्या आजोबांखेरीज मला तसं घरच्या कुणी पाहिलेलं नव्हतं. तुझा भाऊ ओरडला, तू त्याला चापट मारलीस, आणि मग तू हसलीस, दात दाखवून. नंतर मिश्रीचं बाबांकडून ऐकलेलं आठवून विचारलंस, "मावशीआजीला दुखायचं का गं, तू लावायचीस तेव्हा?"

मी माहीत नाही म्हणाले. ते खरं आहे. ती कधी सांगायची नाही. डोळे मिटून मांडीवर पडून असायची आणि मी बोट फिरवत असताना माझा गुडघा धरून ठेवायची. मी विचारायला हवं होतं.

या पानांबरोबर तो तक्ता पाठवते आहे. डॉक्टरीण बाईंच्या कागदावरून मी स्वच्छ प्रत काढली आहे, पट्टी घेऊन. गाव बदललं, डॉक्टर बदलला की दोघांनी तो आधी दाखवायचा. बहिणीचा गोल इतरांसारखाच काळा आहे. त्या तक्त्यात मिश्रीसाठी काही खूण नसते. तुझा गोल मी शिसपेन्सिलीनं अर्धाच भरला आहे.